परदेशातून आलेले निमंत्रण : स्वीकारण्यापूर्वीची परीक्षा



रोग्याची परीक्षा केल्यावाचून औषधाची योजना करू नये, हा आपल्या शास्त्राचा प्राथमिक नियम आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात हीच परीक्षा विद्येच्या व्यवहारालाही लावलेली दिसते. कोणते शास्त्र अभ्यासावे, गुरू कसा निवडावा, कोणाला शिष्य म्हणून स्वीकारावे आणि शास्त्रचर्चा कोणाशी कशी करावी, याचे सविस्तर विवेचन तेथे आहे. सद्भावाने होणारी संधायसंभाषा आणि जिंकण्याच्या हेतूने होणारी विगृह्यसंभाषा असे तद्विद्यसंभाषेचे दोन भेद सांगून, चर्चेस बसण्यापूर्वी समोरच्याचे गुणदोष व बलाबल पारखून घ्यावे, असा उपदेश आचार्यांनी केला आहे.

या उपदेशाची आज नव्याने आठवण करण्यास कारण आहे. आयुर्वेद महाविद्यालयांतील अध्यापक, पदव्युत्तर विद्यार्थी, अनुभवी चिकित्सक आणि लहान-मोठ्या फार्मसींचे तंत्रज्ञ यांना परदेशांतून निमंत्रणे येऊ लागली आहेत. कोणी अतिथी प्राध्यापक म्हणून बोलावतो, कोणी सल्लागार म्हणून मानधन देऊ करतो, कोणी संयुक्त संशोधनाचा प्रस्ताव पाठवितो. यांतील पुष्कळ निमंत्रणे प्रामाणिक असतात व ती स्वीकारणे आयुर्वेदाच्या हिताचेच आहे. परंतु काही निमंत्रणांत पदाच्या व मानधनाच्या आडून निराळीच मागणी केलेली असते. ती ओळखावी कशी, हा या लेखाचा विषय आहे.

हळदीच्या पेटंटाने काय शिकविले

आपल्या ज्ञानसंपदेवर परदेशात हक्क सांगितला गेल्याचे सर्वांत परिचित उदाहरण हळदीचे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला व्रण भरून येण्यासाठी हळद वापरण्याबाबतचे पेटंट दिले. पेटंटावर संशोधक म्हणून ज्या दोघांची नावे होती, ते दोघेही भारतीय वंशाचे होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटाला आव्हान दिले. संस्कृत ग्रंथांपासून १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधापर्यंत बत्तीस संदर्भ सादर करण्यात आले आणि १९९७ मध्ये पेटंटाचे दावे फेटाळले गेले.

या विजयाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, पण तो कशाच्या बळावर मिळाला याकडे पुरेसे लक्ष देत नाही. घराघरांतील आजींना हळद ठाऊक होती, एवढे सांगून पेटंट रद्द झाले नसते. ते छापील, दिनांकित पुराव्यामुळे रद्द झाले. याच अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. ग्रंथांतील योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत आणून ते परदेशांतील पेटंट कार्यालयांच्या परीक्षकांना पाहण्यास उपलब्ध करण्यात आले.

म्हणजे जे ग्रंथांत आहे, त्याच्या रक्षणाची काही व्यवस्था झाली. जे ग्रंथांत नाही, त्याचे काय? पंचवीस वर्षांच्या केसपेपरांतून एखाद्या वैद्याच्या ध्यानात आलेला अनुपानाचा बारकावा, पदव्युत्तर प्रबंधासाठी केलेले पण अद्याप प्रसिद्ध न झालेले विश्लेषण, एखाद्या आदिवासी वैदूने विश्वासाने दाखविलेली वनस्पती, फार्मसीत तीन पिढ्या चालत आलेली भावनेची रीत, हे सर्व त्या ग्रंथालयाबाहेर आहे. नेमक्या याच वस्तूंना परदेशी प्रयोगशाळेच्या लेखी मोल असते. ग्रंथ त्यांना बाजारात विकत मिळतात. अप्रकाशित ज्ञान मात्र माणसामार्फतच मिळते, आणि म्हणून माणसाला निमंत्रण येते.

उघडे देणे आणि गुपचूप देणे

याचा अर्थ ज्ञान तिजोरीत कोंडून ठेवावे असा मुळीच नाही. मुंबईचेच उदाहरण घ्यावे. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या उपयोगाचे आपले निरीक्षण १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९५२ मध्ये सिबा या स्विस कंपनीच्या संशोधकांनी सर्पगंधेतील रिसर्पीन हे द्रव्य वेगळे केले व ते औषध जगभर गेले. औषध परदेशी कंपनीने विकले, तरी मुंबईतील कार्याचे श्रेय बुडाले नाही. १९५७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत डॉ. वकील होते. आपले ज्ञान त्यांनी आपल्या नावाने, तारखेसह, सर्वांसमोर मांडले होते.

ज्ञान देणे आणि ज्ञान गुपचूप हाती सोपविणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो. उघड प्रकाशनात देणाऱ्याचे नाव राहते व इतरांना तपासणीची संधी मिळते. खासगी करारात बहुधा या दोन्ही गोष्टी जातात.

एका पत्राचे वाचन

मध्यंतरी द्रव्यगुण विषयाचे एक तरुण व्याख्याते तळवली येथील माझ्या चिकित्सालयात आले. त्यांना परदेशातील एका संस्थेकडून आलेले पत्र त्यांनी माझ्यासमोर ठेवले. संस्थेचे व देशाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. पत्राची भाषा अत्यंत सौजन्याची होती. वर्षातून दोन महिने तेथे राहावे, उरलेले दहा महिने येथूनच सल्ला द्यावा आणि त्यासाठी दरमहा मानधन घ्यावे, असा प्रस्ताव होता. मानधनाचा आकडा त्यांच्या महाविद्यालयातील एकत्रित वेतनाच्या जवळपास पाचपट होता. घरी वृद्ध आईवडील, डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आणि नोकरी कंत्राटी. अशा माणसाला मोहाविषयी उपदेश करणे सोपे असते, म्हणून मी तो केला नाही. आम्ही पत्र ओळीओळीने वाचले.

चौथ्या परिच्छेदात पाच वनस्पतींच्या मुळांचे प्रत्येकी अर्धा किलो नमुने, संकलनस्थळाच्या नोंदीसह, प्रथम पाठवावेत अशी विनंती होती. त्यांतील दोन वनस्पती त्यांनी जव्हारच्या परिसरात एका वृद्ध वैदूबरोबर हिंडून पाहिल्या होत्या. सहाव्या परिच्छेदात मागील तीन वर्षांतील विश्लेषणाच्या मूळ नोंदी मागितल्या होत्या. ते विश्लेषण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, विद्यार्थ्यांच्या श्रमाने झाले होते. नवव्या परिच्छेदानुसार कराराच्या काळात सुचलेल्या सर्व कल्पनांवर त्या संस्थेचा हक्क राहणार होता. आणि अकराव्या परिच्छेदात, प्रशासकीय सोयीसाठी हा करार सध्याच्या नियोक्त्यास तूर्त कळवू नये, असे सुचविले होते.

मी त्यांना इतकेच म्हटले की पहिले दहा परिच्छेद वाटाघाटीचे आहेत, अकरावा नाही. त्यांनी सविनय उत्तर पाठविले. करार महाविद्यालयामार्फत व्हावा, नमुन्यांसाठी आवश्यक ती शासकीय परवानगी संस्थेने मागावी आणि प्रकाशनात विद्यार्थ्यांची व वैदूचीही नोंद असावी, एवढ्या तीनच अपेक्षा त्यांत होत्या. त्यावर दोन स्मरणपत्रांनंतरही उत्तर आले नाही. त्या व्याख्यात्यांचे वेतन आजही तेवढेच आहे. या निर्णयाची किंमत त्यांनी मोजली आहे व ती लहान नाही, हेही नमूद केले पाहिजे.

अन्यत्र काय घडले

लपविण्याची अट किती महाग पडू शकते, हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून दिसते. चीनने २००८ मध्ये ‘सहस्र प्रतिभा’ या नावाची योजना सुरू करून परदेशांतील नामांकित संशोधकांना आकर्षक अटींवर बोलावण्यास आरंभ केला. हार्वर्ड विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख चार्ल्स लीबर यांनी वूहान येथील एका विद्यापीठाशी करार केला होता. त्यात दरमहा पन्नास हजार डॉलरपर्यंत मानधन आणि प्रयोगशाळेसाठी पंधरा लाख डॉलरहून अधिक निधी यांची तरतूद असल्याचे तपासयंत्रणेने सांगितले. जानेवारी २०२० मध्ये त्यांना अटक झाली व डिसेंबर २०२१ मध्ये ते दोषी ठरले. परदेशी विद्यापीठाशी संबंध ठेवणे हा त्यांचा गुन्हा ठरला नाही. शासकीय निधी देणाऱ्या संस्थांना खोटी माहिती देणे, उत्पन्न न दाखविणे आणि परदेशी बँक खाते न कळविणे, यांसाठी ते दोषी ठरले.

याच काळात दुसऱ्या टोकाची चूकही झाली. मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. या संस्थेचे प्राध्यापक गांग चेन यांच्यावर ठेवलेले आरोप जानेवारी २०२२ मध्ये शासनाला मागे घ्यावे लागले. केवळ मूळ देशावरून संशोधकांवर संशय घेतला जातो, अशी टीका वाढल्यावर संबंधित विशेष मोहीम फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद करण्यात आली. त्याच वर्षी झालेल्या कायद्यात मात्र घातक भरती-योजनांची लक्षणे नमूद झाली : संशोधनसंपदा अनधिकृतपणे हस्तांतरित करण्याची अट, करार लपविण्याची अट, करारातून बाहेर पडण्यास अडथळा, इतरांना भरती करून आणण्याचे बंधन, इत्यादी. यातून घेण्यासारखा बोध असा की परीक्षा कराराच्या कलमांची करावी. माणसाच्या वंशावरून वा देशावरून निदान करू नये.

आपल्या महाराष्ट्रातील एक प्रकरण निराळ्या क्षेत्रातील असले तरी उद्बोधक आहे. नागपूर येथील ब्रह्मोस प्रकल्पातील एका तरुण अभियंत्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. समाजमाध्यमांवरील बनावट खात्यांवरून त्याला परदेशी नोकरीचे आमिष दाखविले गेले व त्या निमित्ताने त्याच्या संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरले, असे अभियोगपक्षाचे म्हणणे होते. जून २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या गंभीर आरोपांतून त्याची मुक्तता केली आणि गोपनीय कागदपत्रे स्वतःजवळ बाळगल्याचा कमी शिक्षेचा दोष कायम ठेवला. तोवर त्याच्या आयुष्याची सात वर्षे गेली होती. आपल्याकडे क्षेपणास्त्रांची गुपिते नाहीत. पण मुलाखतीसाठी म्हणून अनोळखी व्यक्तीने पाठविलेले सॉफ्टवेअर आणि कार्यालयाची कागदपत्रे वैयक्तिक संगणकात ठेवण्याची सवय, या दोन गोष्टी आपल्याकडेही सर्रास आढळतात. रुग्णांच्या नोंदी ज्या संगणकात आहेत, त्याच संगणकावर असा प्रयोग करू नये.

कायदा काय सांगतो

जैविक विविधता अधिनियम, २००२ आपल्या परिचयाचा आहे. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना आपल्या व्यवसायापुरती राज्य जैवविविधता मंडळास पूर्वसूचना देण्यातून सूट मिळाली. त्यामुळे हा कायदा आता आपल्याला लागूच नाही, असा समज काही ठिकाणी पसरला आहे. तो चुकीचा आहे.

परदेशी व्यक्ती वा संस्थेने भारतातील जैविक संपदा किंवा तिच्याशी निगडित ज्ञान संशोधनासाठी वा व्यापारी उपयोगासाठी घ्यावयाचे असल्यास चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. अनिवासी भारतीय नागरिकही याच नियमात येतात. म्हणजे परदेशात स्थायिक झालेला आपला भाचा तेथील प्रयोगशाळेसाठी चार वनस्पतींचे नमुने मागत असेल, तर नात्यामुळे परवानगीची गरज संपत नाही. भारतातील जैविक संपदेवर केलेल्या संशोधनाचे निष्कर्षही, पैसे घेऊन अथवा न घेता, परदेशी पक्षाकडे हस्तांतरित करण्यास हीच पूर्वमान्यता आवश्यक आहे. शोधनिबंध प्रसिद्ध करणे व परिषदेत मांडणे मात्र शासकीय मार्गदर्शक तत्त्वांच्या मर्यादेत मोकळे आहे. शासनमान्य संयुक्त प्रकल्पांसाठीही स्वतंत्र सवलत आहे. उल्लंघनासाठी पूर्वी कारावासाची तरतूद होती. दुरुस्तीनंतर ती काढून एक लाख ते पन्नास लाख रुपये दंडाची तरतूद करण्यात आली आहे.

पेटंट अधिनियमाचे कलम ३९ अनेकांना ठाऊक नसते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आपल्या शोधाचा अर्ज थेट परदेशात करता येत नाही. त्यासाठी आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, किंवा प्रथम भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. परदेशी सहकारी ‘आम्ही तिकडेच अर्ज करतो, आपण फक्त सही करा’ असे म्हणू लागल्यास हे कलम आठवावे. रुग्णांवरील संयुक्त संशोधनासाठी नीतिसमितीची संमती तर लागतेच. त्याखेरीज आंतरराष्ट्रीय सहकार्याचे प्रकल्प भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातात. रुग्णाने आपल्याला दिलेली माहिती उपचारासाठी दिलेली असते, त्याच्या संमतीवाचून ती पाहुण्या संशोधकाच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नोकरी देणारा दलाल असेल तर १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमानुसार त्याची नोंदणी असणे आवश्यक आहे. केंद्र शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ती तपासता येते. नोंदणीकृत दलालालाही उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. २०२२ नंतर थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली सुशिक्षित भारतीय तरुणांना म्यानमारमधील फसवणुकीच्या केंद्रांत डांबल्याच्या घटना उघड झाल्या. पदवी हे अशा फसवणुकीपासून संरक्षण नव्हे.

फार्मसीचालकांसाठी दोन शब्द

ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषधनिर्मितीशी संबंधित उद्योग पूर्वीपासून आहेत आणि वनस्पतींच्या अर्कांची मागणीही वाढती आहे. येथील आपल्या व्यवसायबंधूंनी एक भेद नीट लक्षात घ्यावा. नेहमीच्या व्यापारातील वस्तू म्हणून केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या वनस्पती व्यापारी माल म्हणून विकण्यास जैविक विविधता कायद्यातून सूट आहे. तोच माल संशोधनासाठी जात असेल तर ती सूट लागू होत नाही. अर्धा किलोचा ‘नमुना’ आणि पाच टनांची ‘मागणी’ या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत, आणि अनेकदा अर्धा किलोच अधिक जपून द्यावा लागतो.

सह्याद्रीतील नरक्याची कथा येथे आठवते. या झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य सापडते, हे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखविले. कर्करोगावरील औषधांसाठी या द्रव्याला जागतिक मागणी आली आणि आपल्या डोंगरांतील झाडे बेसुमार तोडली गेली. तोडणाऱ्याला मिळालेली मजुरी आणि औषधाची अंतिम किंमत यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आपल्या तंत्रज्ञांना परदेशी सल्लागारपद देऊ केले जाते, तेव्हा मालकाने रागावण्याऐवजी आपले दप्तर तपासावे. भावनेची संख्या, पुटाचे प्रमाण, कच्च्या मालाचे स्रोत हे केवळ एका माणसाच्या डोक्यात असेल, तर तो माणूस जाताना सर्वच घेऊन जातो. कार्यपद्धती लिहून, तारीख घालून, सह्या करून ठेवावी. नेमणूकपत्रात गोपनीयतेचे कलम असावे. आणि ज्याच्या कौशल्यावर फार्मसी चालते, त्याला त्याच्या योग्यतेचे वेतन द्यावे. कलमापेक्षा वेतनाचा उपयोग अधिक होतो, असा माझा अनुभव आहे.

निमंत्रण पारखण्याचे प्रश्न

पत्र हाती आल्यावर पुढील प्रश्न विचारावेत. बोलावणारी संस्था खरोखर अस्तित्वात आहे काय आणि पत्र तिच्या अधिकृत पत्त्यावरून आले आहे काय? कामाच्या मानाने मानधन अवास्तव आहे काय? पद मिळण्यापूर्वीच नमुने, मूळ नोंदी वा प्रक्रियेचा तपशील मागितला आहे काय? निष्कर्षांवर व पेटंटावर हक्क कोणाचा, प्रकाशनात नाव कोणाचे? करार सोडायचा झाल्यास कोणत्या अटी आहेत? इतर सहकाऱ्यांची नावे सुचविण्याचा आग्रह आहे काय? आणि अखेरीस, हा करार मी माझ्या प्राचार्यांना, फार्मसीच्या मालकांना व कर-सल्लागारांना दाखवू शकतो काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर आधीच्या प्रश्नांची उत्तरे कितीही समाधानकारक असोत, सही करू नये.

संस्थांचेही यात कर्तव्य आहे. परदेशी प्रस्ताव घेऊन आलेल्या अध्यापकाकडे संशयाने पाहिले गेले, तर दुसरा अध्यापक प्रस्ताव दाखविणारच नाही. प्रत्येक महाविद्यालयाने अशा प्रस्तावांसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी, ठराविक मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि योग्य प्रस्तावाला आनंदाने संमती द्यावी. आपल्या संघटनेच्या शाखांनी कायदा जाणणाऱ्या एखाद्या वकिलाचे साहाय्य घेऊन तरुण सभासदांना करार वाचून दाखविण्याची सोय करावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

समारोप

सतराव्या शतकात कोचीचे डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड यांनी मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यासाठी केरळचे वैद्य इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी आपले ज्ञान दिले. सत्ता परकी होती व ग्रंथही परक्यांच्या भाषेत निघाला. तथापि या वैद्यांनी १६७५ मध्ये दिलेली निवेदने पहिल्या खंडात छापली गेली आणि कोकणी वैद्यांचे निवेदन तर नागरी लिपीत आहे. म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही कोणी काय दिले, हे आपण नावानिशी सांगू शकतो.

परदेशी विद्वानाशी व्यवहार करताना आपलीही एवढी अपेक्षा असावी. जे द्यावयाचे ते लेखी, उघडपणे, कायद्याच्या मर्यादेत आणि ज्यांच्याकडून आपण शिकलो त्यांच्या नावासह द्यावे. जव्हारच्या त्या वृद्ध वैदूने वनस्पती दाखविताना कोणताही करार केला नव्हता. त्याचा विश्वास सांभाळणे हे आपले काम आहे.